जुनी डिझेल पिकअप चालता चालता बंद पडते, वीस मिनिटांनी सुरू होते: पंप खोलण्याआधी हे बघा

भरलेली गाडी चढाला लागते. आधी एक-दोन झटके, मग पिकअप धरत नाही, ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी इंजिनचा आवाज खाली खाली येतो आणि गाडी बंद. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, हँड प्रायमर (फिल्टरवरचा हाताने दाबायचा छोटा पंप) दहा-बारा वेळा मारायचा, की काही झालंच नव्हतं अशी सुरू. पुढे कधी चार दिवस नीट चालते, कधी एकाच दिवसात तीनदा उभी राहते. आणि गॅरेजला नेली की मिस्त्रीसमोर एकदाही बंद पडत नाही.

माझ्या गाडीनं हे जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सुरू केलं. पूर्ण थांबायला एप्रिल संपला. सोलापूर मार्केट यार्डात कांद्याची आवक जोरात असते तेच हे दिवस, म्हणजे आमच्यासारख्या भाड्यावर गाडी चालवणाऱ्यांचे कमाईचे. त्या काळात मी एक चांगला पंप विनाकारण खोलून घेतला, साडेअकरा हजार गेले आणि दुखणं जागच्या जागी राहिलं. ज्यांची गाडी असंच करते त्यांचे पैसे आणि दिवस वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी 2007 ची, चार सिलिंडर, रोटरी पंपाची, म्हणजे एकच फिरता पंप सगळ्या सिलिंडरच्या नोझलना (डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना) दाबानं डिझेल देतो. या गाड्यांत डिझेलचा रस्ता साधा असतो, पण तो नीट डोक्यात बसला पाहिजे. टाकीत एक नळी तळापर्यंत गेलेली असते, तिच्या तोंडाला जाळी. तिथून चासीच्या कडेनं लोखंडी पाईप पुढे येतो. दोन ठिकाणी रबरी पाईपचे तुकडे, क्लिप लावलेले. मग फिल्टर, त्याच्या डोक्यावर हँड प्रायमर. फिल्टरमधून डिझेल पंपात. पंपाच्या पोटात पात्यांचा एक छोटा पंप असतो, तो टाकीतून डिझेल ओढून घेतो. जास्तीचं डिझेल रिटर्न पाईपनं परत टाकीत जातं. काही गाड्यांना वेगळा फीड पंप असतो, माझ्या गाडीला नाही.

यातली कळीची गोष्ट म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा पाईप ओढीखाली असतो. सरबताच्या स्ट्रॉसारखा. स्ट्रॉला बारीक भोक असेल तर सरबत बाहेर सांडत नाही, हवा आत येते. इथेही तेच. या भागात गळती असली तर इंजिन चालू असताना खाली डिझेलचा थेंब दिसत नाही. मी दोन महिने गाडीखाली बॅटरी मारून ओल शोधत होतो. जमीन कोरडी म्हणजे पाईप चांगला, असं धरून चाललो. तिथेच चुकलो.

पहिल्यांदा बंद पडली ती तामलवाडीच्या पुढे, तुळजापूरकडे जाताना. मागं पशुखाद्याची पोती होती. फिल्टर बदलला. आठ दिवस बरी चालली, पुन्हा तेच. मग डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडे नेली. त्यांनी पंप उतरवला, सील किट बदललं, टेस्ट बेंचवर लावून कॅलिब्रेशन करून दिलं. काम त्यांनी स्वच्छ केलं होतं. त्यानंतर नऊ दिवस गाडी पळाली, आणि मी निश्चिंत झालो. दहाव्या दिवशी घाटात उभी.

आता मागे वळून पाहिलं की त्या नऊ दिवसांचं कोडं उलगडतं. पंप बसवताना पूर्ण लाईनची एअर काढली गेली होती, आणि गाडी ताब्यात मिळाली त्या आनंदात मी टाकी फुल्ल केली होती. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, पंपाला ओढ कमी लागते, आणि बारीक चिरेतून हवा कमी शिरते. टाकी पाव राहिली की ओढ वाढते आणि त्याच चिरेतून बुडबुडे यायला लागतात. म्हणजे पंप दुरुस्त झाल्यानं गाडी चालली नव्हती, टाकी भरल्यानं चालली होती.

हे मला समजावलं ते अक्कलकोट रोडच्या बाजूच्या एका वयस्कर मिस्त्रींनी. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच विचारलं.

"मालक, गाडी बंद पडताना दम तोडत पडते, का चावी फिरवल्यासारखी पडते?"

मला नक्की सांगता येईना. कधी असं, कधी तसं, असं काहीतरी बोललो.

"मग आज स्पॅनर लावत नाही. वही करा. दर वेळी लिहा, कुठं पडली, टाकीत किती होतं, किती किलोमीटर चालल्यावर पडली, माल किती होता, आणि कशी पडली. आठ दिवसांनी या."

खरं सांगायचं तर मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं. पण लिहिलं. आठ दिवसांत पाच नोंदी झाल्या. पाचपैकी चार वेळा काटा पावाच्या खाली, चारही वेळा चढ किंवा भरलेली गाडी, आणि चारही वेळा आधी झटके, मग हळूहळू दम तुटणं. पाचवी नोंद वेगळी होती: होटगी रोडवर सपाटीला, टाकी अर्धी, रिकामी गाडी, एकही झटका नाही, क्षणात बंद. अण्णांनी त्या पाचव्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही तुमची दुसरी बिमारी आहे. आधी पहिली काढू."

म्हणून या दुखण्यात सगळ्यात आधी गाडी कशी बंद पडते ते नीट बघा. झटके खात, पॉवर जात जात बंद पडली तर तिला डिझेल कमी मिळतंय: हवा, चोंदलेली जाळी, फिल्टर, पाईप. चावी काढल्यासारखी एकदम पडली तर बहुतेक वेळा वायरिंग, नाहीतर स्टॉप सोलेनॉइड, म्हणजे पंपावरचा डिझेल बंद-चालू करणारा विजेचा खटका. दोन्हींचा तपास वेगळा. एकाचा उपाय दुसऱ्यावर करत बसलात तर माझ्यासारखे साडेतीन महिने जातात.

दम तोडत पडणाऱ्या गाडीचा तपास

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा, कारण त्याला पैसा लागत नाही. झाकणाला हवा आत जायला बारीक छिद्र असतं. आपल्याकडच्या धुळीनं ते बुजतं. डिझेल कमी होत जातं, आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी पंप हरतो. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. हुस्स करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. माझ्या गाडीत आवाज आला नाही.

मग अण्णांनी कॅन लावला. निदान करणारी खरी चाचणी हीच. पाच लिटरचा स्वच्छ कॅन, त्यात गाळलेलं डिझेल. फिल्टरला टाकीकडून येणारा पाईप काढून त्या जागी कॅनची नळी, आणि रिटर्नही कॅनमध्येच. कॅन क्लीनरच्या बाजूला पायाशी उभा करून घट्ट बांधला, एक्झॉस्टपासून लांब. अशा गाडीत दहा पोती टाकून आम्ही तुळजापूरचा घाट चढलो. जिथे दर वेळी नाडी तुटायची त्या वळणावर मी ॲक्सिलरेटर मुद्दाम दाबून धरला. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे फिल्टर, प्रायमर, पंप, नोझल सगळं ठीक, आणि खोट फिल्टरच्या मागं टाकीकडे. अर्ध्या दिवसात अर्धी गाडी संशयातून सुटली. हीच चाचणी जानेवारीत केली असती तर पंप उतरला नसता. कॅनवरही गाडीनं दम तोडला असता, तर मात्र फिल्टरपासून पुढे शोधायचं. (पेट्रोलच्या गाडीला कॅनचा हा प्रयोग कधीही करू नका. आग लागेल.)

त्यानंतर पारदर्शक नळी. हार्डवेअरच्या दुकानात लेव्हल ट्यूब मागा, पाईपच्या मापाची, हातभर लांब. ती फिल्टरच्या अलीकडे, टाकीकडून येणाऱ्या पाईपवर जोडायची आणि गाडी चालू करून बघत राहायचं. सुरुवातीचे काही सेकंद बुडबुडे येतात, ते जोडताना शिरलेल्या हवेचे. खरी खूण नंतर दिसते. आम्ही संध्याकाळी उळ्याजवळ गाडी कडेला घेतली, टाकीत पावापेक्षा कमी डिझेल. नळीमागे बॅटरी धरली. नुसत्या आयडलला डिझेल स्वच्छ, पिवळसर, हलतंय की नाही कळू नये इतकं शांत. अण्णांनी रेस वाढवली आणि साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागं एक माळेसारखे सरकायला लागले. रेस सोडली की माळ तुटायची, पुन्हा दिली की पुन्हा माळ. तीन महिने जी हवा आम्ही कल्पनेत शोधत होतो ती डोळ्यांसमोरून पळत होती.

हवा आहे हे कळलं, आता ती कुठून येते ते बघायचं. तीच नळी एकेक जोड मागं टाकीकडे सरकवायची. जिथे बुडबुडे थांबले, त्याच्या पुढच्या तुकड्यात भोक आहे. टाकीतून पाईप बाहेर येतो तिथे नळी लावली तर डिझेल स्वच्छ. लोखंडी पाईपच्या सुरुवातीला लावली तर बुडबुडे. मधे फक्त वीतभर रबरी पाईप होता. बाहेरून काळा, धड, एकही भेग नाही. क्लिप सैल करून ओढला तर क्लिपच्या खालीच, वाकणाच्या बाजूला, नखानं ओरखडल्यासारखी चीर. अण्णांनी ब्लेडनं तो उभा फाडून दाखवला. आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटून पडदा झाला होता. जोरात ओढ लागली की तो पडदा आत दुमडून भोकाची वाट अडवणार, गाडी बंद पडून ओढ थांबली की पुन्हा जागेवर जाणार. थांबल्यावर गाडी का सुरू होते, याचं हे उत्तर हातात धरून बघता आलं.

या थांबण्याची आणखीही कारणं असतात, तीही तपासा. टाकीतल्या जाळीवर कचरा ओढला जाऊन चिकटतो, इंजिन बंद झालं की तो सुटून खाली बसतो आणि वाट मोकळी होते. हे पकडायला फिल्टरकडचा पाईप काढून टाकीच्या दिशेनं पायपंपानं हवा मारा, झाकण उघडं ठेवून. टाकीत मोकळं गुडगुड ऐकू आलं तर रस्ता साफ. हवा मारताना जोर लागला आणि मग एकदम सुटली, तर जाळी चोंदली होती. अशा वेळी टाकी उतरवून धुवा, नुसती हवा मारून चार दिवसांनी कचरा पुन्हा तिथेच येतो. कंप्रेसरचा पूर्ण दाब मारू नका, जुनी टाकी आणि सांधे फुटतात. आणि फिल्टर जोडलेला असताना तर मुळीच नाही.

रबरी पाईप बदलताना डिझेलचाच पाईप घ्या. पाण्याचा किंवा हवेचा पाईप डिझेलमध्ये फुगतो, मऊ पडतो, सहा महिन्यांत पुन्हा तिथेच याल. एक तुकडा खराब निघाला तर सगळे तुकडे बदला, त्यांचं वय एकच असतं. बँजो बोल्ट (पाईप जोडणारा, मधून पोकळ बोल्ट) खोलला तर तांब्याचे वॉशर नवे टाका. काही मिस्त्री जुना वॉशर लाल तापवून पाण्यात टाकतात, त्यानं तांबं मऊ होतं हे खरं आहे, आणि अडचणीत रस्त्यावर ते चालेल. पण नवा वॉशर चहाच्या पैशात येतो, तिथे काटकसर करू नये.

हँड प्रायमरकडेही संशयानं बघा. त्याच्या दांड्याचं सील वाळलं की तिथूनही हवा आत येते, आणि बाहेरून फक्त थोडा चिकट, धुळकट काठ दिसतो. फिल्टरच्या अलीकडे नळीत बुडबुडे नाहीत आणि फिल्टर ते पंप यांच्यामध्ये आहेत, तर प्रायमर, फिल्टरचं पॅकिंग किंवा तिथला बँजो, एवढीच ठिकाणं उरतात.

वेगळा डायफ्रामचा, म्हणजे लवचिक पडद्याचा, फीड पंप असलेल्या गाड्यांत ऑईलची काडी काढून वास घ्या. ऑईलची पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास असेल तर डायफ्राम फाटला आहे. तशी गाडी चालवू नका, पातळ झालेल्या ऑईलनं बेअरिंग जातात.

पाण्याचा एक वेगळाच त्रास आहे. शेतावर बॅरलमध्ये साठवलेलं डिझेल टाकणाऱ्यांनी फिल्टरच्या खालचा स्क्रू दर आठवड्याला सोडून काचेच्या बाटलीत थोडं काढून बघावं. पाणी जड, ते खाली बसतं, रेघ स्पष्ट दिसते. काळा, शेवाळासारखा चिकट गाळ आला तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी धुवावीच लागेल. पंपाला वंगण डिझेलचंच असतं, पाणी गेलं की आतले भाग घासतात. तेव्हा मात्र पंपाचा खर्च खरोखरच येतो.

चावी फिरवल्यासारखी पडणारी गाडी

पाईप बदलला, सगळे क्लिप नवे, एअर काढली. दहा दिवस पाव टाकीवर मुद्दाम चालवली, घाटातही. नळीत एक बुडबुडा नाही. आणि एप्रिलच्या मध्यावर, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या दुपारी, आसरा चौकाच्या पुढे गाडी एकदम बंद. झटका नाही, काही नाही. वही नसती तर मी पुन्हा पाईपला हात घातला असता.

रोटरी पंपाच्या मागच्या टोकाला स्टॉप सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की त्याला 12 व्होल्ट मिळतात, आतला खिळा मागे सरकतो आणि डिझेलची वाट उघडते. चावी काढली की स्प्रिंग वाट बंद करते. वायर सैल झाली, पुरवठा क्षणभर तुटला की पंपाच्या दृष्टीनं तुम्ही चावीच काढली. तपास सोपा आहे. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि मदतनीसाला पंपाजवळ कान द्यायला सांगा. टक् असा आवाज आला पाहिजे. वायर काढून पुन्हा टेकवा, पुन्हा टक्.

पण दोष मधूनमधून येणारा असला की थंड गाडीत टक् येतोच, म्हणून गाडी बंद पडली त्याच मिनिटाला तपासायचं. टेस्ट लॅम्पचं टोक सोलेनॉइडच्या पिनेवर, दुसरं टोक अर्थिंगला, चावी ऑन. दिवा लागला आणि टक् येत नाही, तर सोलेनॉइडची कॉईल तापून सोडते आहे: तो बदला. दिवाच लागत नाही, तर मागं वायर, फ्यूज, इग्निशन स्विच. माझ्या गाडीत दिवा लुकलुकत होता. कनेक्टरची पितळी पात हिरवी पडून सैल झाली होती. नंतर इंजिन आयडलला असताना ती वायर बोटानं जरा हलवली आणि गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा हलवली, पुन्हा बंद. नवी पात कापून घट्ट दाबून बसवली, वायर पंपाच्या ब्रॅकेटला टाय मारून बांधली. खर्च वीस रुपये.

रस्त्यात अडकलात तर बॅटरीच्या प्लसमधून छोटा फ्यूज असलेली वायर थेट सोलेनॉइडला देऊन घरापर्यंत येता येतं. तेव्हा चावीनं इंजिन बंद होणार नाही, ती वायर काढावी लागेल, हे गाडीतल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. सोलेनॉइडचा खिळाच काढून टाकण्याचा एक जुगाड बरेच जण सांगतात. तो करू नका. मग इंजिन बंद करायचं साधनच हाताशी राहत नाही, आणि भरल्या बाजारात ते जिवावर बेतू शकतं.

पेट्रोल पिकअपवाल्यांसाठी थोडक्यात. तुमचा पंप विजेवर चालतो आणि टाकीत बुडालेला असतो. चावी ऑन केल्यावर दोनेक सेकंद मागून गुणगुण ऐकू येते. बंद पडल्यावर ती आली नाही तर आधी रिले: त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. मग पंपाच्या सॉकेटवर करंट येतो का आणि अर्थिंग नीट आहे का. करंट येतोय, पंप फिरत नाही, आणि टाकीच्या तळाला रबरी हातोडीनं हलके ठोकल्यावर गुणगुण सुरू होते, तर पंपाचे ब्रश झिजलेत, तो आता फार दिवस टिकणार नाही. सीएनजीवर चालवणारे टाकीत दोन-तीन लिटरच पेट्रोल ठेवतात, तेही पंपाला मारक आहे. त्याला थंड ठेवणारं त्याच्याभोवतीचं पेट्रोलच असतं.

एअर काढताना फिल्टरच्या डोक्यावरचा ब्लीड स्क्रू सैल करून प्रायमर मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत. मग स्क्रू चालू धारेतच आवळा. तरीही सुरू झाली नाही तर नोझलचे नट अर्धा आटा सैल करून स्टार्टर द्या, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इंजिन चालू असताना नोझलच्या पाईपांजवळ उघडा हात नेऊ नका. तिथला दाब एवढा असतो की डिझेल कातडीत घुसतं, आणि ती जखम बाहेरून टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखान्यात जायची असते.

काम झाल्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी पाव टाकीवर, भरलेल्या गाडीनं, भर दुपारी तीन फेऱ्या तुळजापूरच्या केल्या, तेव्हा वहीत शेवटची नोंद केली. आणि तपासाला लावलेली पारदर्शक नळी त्या तिसऱ्या फेरीनंतर काढून तिथे डिझेलचा रबरी पाईप बसवा. इंजिनच्या उष्णतेनं ती प्लास्टिकची नळी आधी मऊ पडते, मग कडक होऊन क्लिपखाली तडकते, आणि तिथून पुन्हा हवा यायला लागते.